तळे नगरपालिकेचे, मग पाण्याचा हक्क कोणाचा? महाडच्या चवदार तळ्याचा खटला

१/
१७ मार्च १९३७. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. एन. जे. वाडिया यांनी महाडच्या चवदार तळ्याविषयीचे अपील खर्चासह फेटाळले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी त्या तळ्याचे पाणी प्याले, त्या घटनेला दहा वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा तीन दिवस उरले होते.

२/
२० मार्च १९२७ चा सत्याग्रह महाराष्ट्रातील प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतो. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दिवाणी दावा मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. या दाव्याच्या मुळाशी एक साधा दिसणारा कायदेशीर प्रश्न होता. एखादे सार्वजनिक तळे नगरपालिकेच्या मालकीचे असेल, तर त्याचे पाणी कोणी घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? नगरपालिकेचा, गावातील बहुसंख्यांचा, की परंपरेचा?

३/
उत्तरासाठी आधी नगरपालिका ही काय वस्तू आहे, ते पाहावे लागते. राजाकडे किंवा सार्वभौम विधिमंडळाकडे असतो तसा स्वयंभू अधिकार नगरपालिकेकडे नसतो. ती कायद्याने जन्माला येते आणि कायद्याने दिले तेवढेच अधिकार तिला असतात. कर किती घ्यावा, कोणते रस्ते झाडावेत, कोणाला नोटीस द्यावी, या प्रत्येक गोष्टीसाठी तिला कायद्यातील एखाद्या कलमाकडे बोट दाखवावे लागते.

४/
मुंबई इलाख्यातील लहान शहरांत या संस्था १८५० च्या २६ व्या अधिनियमाने उभ्या राहू लागल्या. रहिवाशांची इच्छा दिसली तर सरकारने तो गावाला लागू करावा, अशी त्याची रचना होती. पुढे १८७३ चा कायदा आला. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या प्रसिद्ध ठरावानंतर १८८४ चा कायदा आला आणि लोकनियुक्त सभासदांचे प्रमाण वाढले. महाडची नगरपालिका १८६० च्या दशकातील, म्हणजे या प्रवासाच्या आरंभकाळातली.

५/
चवदार तळ्याच्या बाबतीत महत्त्वाचा ठरला तो १९०१ चा मुंबई जिल्हा नगरपालिका कायदा. शहरातील सार्वजनिक रस्ते, विहिरी, तळी, झरे, गटारे ही सारी मालमत्ता या कायद्याने नगरपालिकेच्या ठायी निहित केली. 'निहित' हा शब्द नीट समजून घेण्यासारखा आहे. तळे नगरपालिकेचे झाले खरे, परंतु खासगी मालकाच्या वाड्याप्रमाणे नव्हे. विश्वस्त या नात्याने आणि कायद्याच्या उद्दिष्टांसाठीच तिने ती मालमत्ता सांभाळावयाची होती.

६/
हा फरक पुण्यातील एका उदाहरणाने स्पष्ट होतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. हौद त्यांचा स्वतःचा होता. तो खुला करण्यास समाजाचा रोष पत्करण्याचे धैर्य लागले, कोणत्याही ठरावाची गरज लागली नाही. सार्वजनिक तळ्याचे तसे नसते. तेथे मालक ही एक संस्था असते, तिचे सभासद निवडून येतात आणि त्यांना निवडून देणारे करदाते त्याच तळ्याच्या काठी राहत असतात.

७/
महाड हे तेव्हाच्या कुलाबा आणि आताच्या रायगड जिल्ह्यातील, सावित्री नदीकाठचे जुने व्यापारी गाव. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात चवदार तळ्याचे वर्णन आहे. क्षेत्रफळ चार ते पाच एकर, चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते आणि रस्त्यांपलीकडे घरे. ही घरे बहुतेक स्पृश्य हिंदूंची, थोडी मुसलमानांची. अस्पृश्यांचे घर जवळपास एकही नाही. तळे किमान अडीचशे वर्षांचे. ते नैसर्गिक की खोदलेले, हेदेखील निश्चित सांगता येत नव्हते.

८/
स्पृश्य हिंदू या तळ्याचे पाणी वापरत. मुसलमानांना आडकाठी नव्हती. गुराढोरांनाही नव्हती. मनाई होती ती केवळ अस्पृश्यांना. अशी मनाई करणारा कोणताही कायदा नव्हता, नगरपालिकेचा कोणताही नियम नव्हता. ती मनाई लोकव्यवहारात होती, आणि व्यवहार इतका घट्ट होता की लेखी नियमाची कोणाला गरजच भासली नव्हती.

९/
ही कोंडी फोडण्याचा पहिला प्रयत्न झाला मुंबईच्या कायदे कौन्सिलात. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेली किंवा चालविलेली, तसेच कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, अशी त्यात शिफारस होती.

१०/
ठराव शिफारशीचा होता, त्यामुळे पुढचे पाऊल सरकारच्या हाती राहिले. सप्टेंबर १९२३ मध्ये सरकारने आदेश काढला. सरकारच्या स्वतःच्या खात्यांनी ठरावाची अंमलबजावणी करावयाची होती. नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांच्याविषयी भाषा सौम्य झाली. ठरावाचा स्वीकार करण्याचा विचार करावा, असा सल्ला जिल्हाधिकाऱ्यांनी या संस्थांना द्यावा, एवढेच सांगण्यात आले. स्थानिक स्वराज्याच्या तत्त्वाचा मान राखून सरकारने जबाबदारी एक पायरी खाली ढकलली.

११/
चेंडू अशा रीतीने गावोगावच्या नगरपालिकांकडे आला. बहुतेक ठिकाणी तो तसाच पडून राहिला. महाडच्या नगरपालिकेने मात्र ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला. अस्पृश्यांना तळ्याचा उपयोग करू देण्यास नगरपालिकेची हरकत नाही, असा त्याचा आशय होता. या घडामोडींत सुरेंद्रनाथ तथा सुरबानाना टिपणीस यांचे नाव आदराने घेतले जाते. महाड नगरपालिकेचे अध्यक्षपद भूषविलेले टिपणीस स्वतः उच्चवर्णीय होते आणि पुढे बाबासाहेबांच्या चळवळीत निष्ठेने राहिले.

१२/
'हरकत नाही' या दोन शब्दांकडे लक्ष द्यावयास हवे. तळे नगरपालिकेचे होते. तेथे सर्वांना पाणी भरण्याचा हक्क आहे, असा फलक ती लावू शकली असती. घाटावर शिपाई उभा करू शकली असती. अडथळा झाल्यास पोलिसांची मदत मागू शकली असती. ठरावात यांपैकी काही नव्हते. मालकाने आपली हरकत काढून घेतली, परंतु इतरांच्या हरकतीपुढे उभे राहण्याची हमी दिली नाही.

१३/
परिणाम व्हायचा तोच झाला. तीन वर्षे ठराव दप्तरात राहिला आणि तळ्यावरचा व्यवहार पूर्वीसारखाच चालू राहिला. दरम्यान ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला. पहिल्या ठरावाची अंमलबजावणी न करणाऱ्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे यांची सरकारी अनुदाने रोखावीत, अशी त्यात शिफारस होती. नुसत्या उपदेशाने या संस्था हलत नाहीत, हे तोवर पुरेसे सिद्ध झाले होते.

१४/
मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण कार्यकर्ते, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी तिच्या यशासाठी परिश्रम घेतले. परिषदेस आलेल्यांना पिण्यासाठी पाणी पुरेना. आयोजकांना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. चार-पाच एकरांचे सार्वजनिक तळे हाकेच्या अंतरावर होते आणि नगरपालिकेची त्याला लेखी हरकतही नव्हती.

१५/
२० मार्च रोजी परिषदेच्या अखेरीस तळ्यावर जाण्याची सूचना पुढे आली. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधी शिस्तीने गावातून निघाले, तळ्यावर पोहोचले आणि त्यांनी पाणी घेतले. कायद्याच्या दृष्टीने पाहता त्यांनी कोणताही नियम मोडला नाही. ज्या संस्थेची मालमत्ता होती, तिने तीन वर्षांपूर्वी दिलेल्या संमतीचा त्यांनी उपयोग केला. संमतीला व्यवहारात उतरविण्याचे जे काम नगरपालिकेने करावयास हवे होते, ते या माणसांनी केले.

१६/
त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. जमावाने मंडपात जेवणाऱ्या आणि गावात विखुरलेल्या प्रतिनिधींवर हल्ला केला. अनेकजण जखमी झाले. बाबासाहेबांनी आपल्या लोकांना प्रतिहल्ल्यापासून रोखले. पुढे या प्रकरणी पाच आरोपींना चार महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली. तळ्याचे 'शुद्धीकरण'ही झाले. १०८ घागरी पाणी काढण्यात आले आणि शेण, गोमूत्र, दूध, दही मंत्रोच्चारात पाण्यात सोडण्यात आले.

१७/
४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. तारखेचा योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. बोले यांचा पहिला ठराव बरोबर चार वर्षांपूर्वी याच दिवशी संमत झाला होता. संमती देणारी संस्था तीच, संमती काढून घेणारीही तीच. मधल्या काळात बदलले होते ते एवढेच की, संमतीचा कोणीतरी प्रत्यक्ष उपयोग केला होता.

१८/
येथे खरा कायदेशीर पेच उभा राहतो. अस्पृश्यांचा हक्क ठरावामुळे निर्माण झाला असेल, तर ठराव रद्द होताच तो संपला असे म्हणता येईल. परंतु तळे सार्वजनिक असेल आणि नगरपालिका केवळ विश्वस्त असेल, तर प्रत्येक रहिवाशाचा हक्क ठरावाआधीही होताच. मग १९२४ चा ठराव ही त्या हक्काची नुसती कबुली ठरते, आणि कबुली मागे घेतल्याने हक्क नाहीसा होत नाही. नगरपालिकेला हरकत नाही असे म्हणण्याचा अधिकार असेल, पण विशिष्ट जातींपुरती हरकत आहे असे म्हणण्याचा अधिकार तिला कोणत्या कलमाने दिला?

१९/
बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ पासून पुन्हा सत्याग्रह करण्याचे जाहीर केले. त्याला अटकाव करण्यासाठी महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी १२ डिसेंबर रोजी दिवाणी न्यायालयात दावा लावला. नरहरी दामोदर वैद्य व इतर विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर व इतर. तळे स्पृश्यांच्या मालकीचे आहे, त्याचा उपयोग करण्याचा हक्क केवळ त्यांचाच आहे असे जाहीर करावे, आणि प्रतिवादींना तळ्यावर जाण्यास कायमची मनाई करावी, अशी मागणी होती.

२०/
१४ डिसेंबर रोजी न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. या हुकमाने लढ्याचे स्वरूपच बदलले. तोवर सामना जमावाशी होता. आता तळ्याकडे टाकलेले पाऊल न्यायालयाच्या आज्ञेचा भंग ठरणार होते. सत्याग्रहींसाठी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. २५ डिसेंबरच्या रात्री तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते.

२१/
दीर्घ चर्चेनंतर सत्याग्रह तूर्त स्थगित ठेवण्याचा निर्णय झाला. लोक मिरवणुकीने तळ्याच्या बाजूने गेले, पाण्याला मात्र कोणी स्पर्श केला नाही. सार्वजनिक तळ्यावरील आपला हक्क कायद्याने सिद्ध होऊ शकतो, अशी बाबासाहेबांची बॅरिस्टर म्हणून धारणा होती आणि त्यांनी तो मार्ग पत्करला. त्यासाठी वाट पाहावी लागली ती दहा वर्षांची. फेब्रुवारी १९२८ मध्ये मनाई हुकूम उठला, पण दावा चालूच राहिला.

२२/
दाव्यातील पक्षकारांची यादी पाहिली की एक गोष्ट खटकते. वादी गावातील काही स्पृश्य रहिवासी, प्रतिवादी बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. ज्या संस्थेच्या ठायी हे तळे कायद्याने निहित होते, ती महाडची नगरपालिका दाव्यात पक्षकारच नव्हती. वाद तिच्या मालमत्तेचा होता. त्यावर तिचे म्हणणे काय, हे तिने न्यायालयासमोर येऊन कधी सांगितले नाही आणि वादींनाही तिला बोलाविण्याची गरज वाटली नाही.

२३/
८ जून १९३१ रोजी महाडच्या न्यायालयाने वादींच्या विरुद्ध निकाल दिला. वादींनी ठाण्याला अपील केले. ३० जानेवारी १९३३ रोजी साहाय्यक न्यायाधीशांनी तेही फेटाळले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे पोहोचेपर्यंत वादींनी मालकीचा मुद्दा सोडून दिला होता. १९०१ च्या कायद्याच्या तरतुदीपुढे तो टिकणारा नव्हता. तळे नगरपालिकेचे आहे, हे आता दोन्ही पक्षांना मान्य होते.

२४/
उरला तो एकच मुद्दा: रूढी. मालकी नगरपालिकेची असली, तरी अनादी काळापासून या तळ्याचा उपयोग केवळ स्पृश्य करीत आले आहेत, आणि अशा रूढीला कायद्याचे बळ असते, असा वादींचा युक्तिवाद होता. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत हा युक्तिवाद पोकळ नव्हता. प्राचीन, निश्चित, अखंड आणि वाजवी रूढीला न्यायालये कायद्याप्रमाणे मान देत. वादींना सिद्ध करावयाचे होते ते हे 'अनादित्व'.

२५/
निकाल लिहिणारे न्या. ब्रूमफील्ड हे महाराष्ट्राला आणि गुजरातला आणखी एका कारणाने परिचित आहेत. १९२२ मध्ये अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात महात्मा गांधींना सहा वर्षांची शिक्षा देणारे न्यायाधीश तेच. पंधरा वर्षांनंतर त्यांच्यापुढे प्रश्न आला तो साम्राज्याचा नव्हता. एका नगरपालिकेच्या तळ्याचा होता.

२६/
नगरपालिका स्थापन झाल्यापासूनच्या काळात अस्पृश्य या तळ्यावर येत नसत, हे न्यायालयाला पुराव्यावरून दिसत होते. परंतु हा काळ साठ-सत्तर वर्षांचा. त्यापूर्वी काय होते? त्याचा पुरावा नव्हता. अलीकडे जे दिसते तेच पूर्वीपासून असणार, असे गृहीत धरण्यास न्यायालयाने नकार दिला. तळ्याभोवती स्पृश्यांची घरे उभी राहण्यापूर्वी पाण्याच्या अनन्य उपयोगाचा आग्रह कोणी धरला असेल, हेच शंकास्पद असल्याचे न्यायालयाने म्हटले.

२७/
वादींनी मंदिरांविषयीच्या जुन्या निकालांचा आधार घेतला होता. न्यायालयाने मंदिर आणि तळे यांत फरक केला. मंदिर कोणीतरी विशिष्ट हेतूने बांधलेले असते. कोणासाठी बांधले, हे त्याच्या स्थापनेतून आणि उपासनेच्या पद्धतीतून ठरू शकते. उघड्यावरचे, पावसाच्या आणि झऱ्यांच्या पाण्याने भरणारे, मूळ अज्ञात असलेले तळे एका वर्गासाठीच होते, असे इतक्या सहजपणे मानता येत नाही.

२८/
अनादी रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून अपील फेटाळले गेले. निकालाचा हा भाग सर्वत्र सांगितला जातो. अखेरचा परिच्छेद फारसा सांगितला जात नाही. त्यात न्या. ब्रूमफील्ड म्हणतात त्याचा सारांश असा: रूढी सिद्ध झाली असती, तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे काय, याचा कदाचित विचार करावा लागला असता. तळे नगरपालिकेत निहित असण्याचा कायदेशीर परिणाम काय, आणि नगरपालिका पक्षकार नसलेल्या दाव्यात वादींना काही दाद देता येते काय, हे प्रश्न तर निश्चितच पाहावे लागले असते. आता त्याची गरज उरलेली नसल्याने न्यायालय त्यावर मत देत नाही.

२९/
म्हणजे दहा वर्षांच्या दाव्यानंतरही मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला. नगरपालिका आपल्या मालकीच्या पाणवठ्यावरून रहिवाशांच्या एका वर्गाला दूर ठेवू शकते काय? न्यायालयाने 'नाही' असे म्हटले नाही, 'होय' असेही म्हटले नाही. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी जिंकले, कारण विरुद्ध पक्षाला आपली रूढी पुरेशी जुनी असल्याचे सिद्ध करता आले नाही. एखाद्या दुसऱ्या गावात, अधिक भक्कम पुराव्यासह, निकाल वेगळा लागण्याची शक्यता खुली होती.

३०/
ही फट भरून काढण्याचे काम कायदेमंडळाचे होते आणि ते अखेर संविधानाने केले. १९५० पासून लागू झालेल्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांचा उल्लेख आहे. राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः राखलेल्या अथवा सामान्य जनतेच्या उपयोगासाठी समर्पित केलेल्या अशा ठिकाणांच्या उपयोगास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणालाही अडविता येत नाही. १९२३ च्या बोले ठरावातील पाणवठ्यांची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून वाचावी. मसुदा समितीचे अध्यक्ष तेच होते, ज्यांचे नाव महाडच्या दाव्यात पहिले प्रतिवादी म्हणून नोंदले गेले होते.

३१/
अनुच्छेद १२ ने आणखी एक गोष्ट केली. मूलभूत हक्कांच्या संदर्भात 'राज्य' या शब्दाच्या व्याख्येत स्थानिक प्राधिकरणांचाही समावेश झाला. त्यामुळे नगरपालिका आता केवळ तिच्या कायद्यातील कलमांना बांधील राहिली नाही. ठरावाच्या बहुमताने तिला जे देता येते, त्याहून खोलवरचे काही हक्क रहिवाशाकडे आधीपासून असतात, आणि ते बहुमताने काढून घेता येत नाहीत. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिचे पालन हा दंडनीय गुन्हा ठरविला.

३२/
महाडच्या नगरपालिकेला १९२४ मध्ये अधिकार कमी पडला नव्हता. तळे तिचे होते, कायदा तिच्या बाजूचा होता, प्रांतिक सरकारचा सल्लाही अनुकूल होता. तिने अधिकार कागदावर वापरला आणि घाटावर वापरला नाही. पुढे तोच अधिकार तिने उलट्या दिशेने वापरला आणि न्यायालयात प्रश्न उभा राहिला तेव्हा ती गैरहजर राहिली. जी किंमत एका संस्थेने एका फलकात आणि एका शिपायात चुकती केली असती, ती फुटलेल्या डोक्यांनी आणि दहा वर्षांच्या दाव्याने चुकती करावी लागली.

३३/
चवदार तळे आज बांधीव घाटांसह महाडमध्ये उभे आहे आणि काठावर बाबासाहेबांचा पुतळा आहे. दर वर्षी २० मार्चला तेथे मोठा जनसमुदाय जमतो. त्या गर्दीत उभे राहणाऱ्या इतिहासप्रेमींनी आणखी दोन तारखा सोबत न्याव्यात: ५ जानेवारी १९२४ आणि ४ ऑगस्ट १९२७. पहिल्या दिवशी एका नगरपालिकेने हरकत नसल्याचे लिहिले आणि दुसऱ्या दिवशी ते खोडले. या दोन तारखांच्या मध्ये जे लोक तळ्याच्या पायऱ्या उतरले, त्यांच्यामुळेच त्या ठरावाची आज आठवण उरली आहे.